गव्हाच्या डब्यातला कावळा

जावयाचा मेसेज आला तेव्हा मी गच्चीवर पापड उलटत होते. मेसेज कसला, निबंधच होता. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे निबंध तपासले, पण इतका मुद्देसूद क्वचितच हाती लागला. आई, ऑस्ट्रेलियात उतरल्यावर कस्टमचे लोक फोन बघायला मागू शकतात, असं त्यानं लिहिलं होतं. पासवर्ड विचारतात, फोटो बघतात, व्हॉट्सॲप उघडतात. शंका आली तर फोन काही दिवस ठेवूनही घेतात. मागितला तर देऊन टाका, हुज्जत घालू नका. हे शेवटचं वाक्य त्यानं माझा स्वभाव ओळखून घातलं होतं. निघण्याआधी फोन साफ करून घ्या, नको ते काही ठेवू नका. पुढे खाण्यापिण्याच्या जिनसांबद्दलही बरंच काही होतं. ते मी वाचलं न वाचलं. फोनचा परिच्छेद मात्र इतक्यांदा वाचला की पाठ झाला.

'कर नाही त्याला डर कशाला' हे मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. स्वतःवर आल्यावर कळलं, ती म्हण ज्यानं काढली त्याच्याकडे स्मार्टफोन नव्हता.

मी सेलूत राहणारी निवृत्त शिक्षिका. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलेलं. एकुलती एक लेक तिकडे, तिला तान्हं बाळ, आणि मी घर आवरून तिच्याकडे कायमची राहायला निघालेली. अशा बाईच्या फोनमध्ये कस्टमवाल्यांना काय सापडणार, असं कोणालाही वाटेल. पण माझा फोन माझ्या एकटीचा कधी नव्हताच. सासर पेडगावचं. तिथल्या भावकीत मी शिकलेली सून, त्यात सरकारी नोकरीतली, म्हणून सगळ्यांचे कागद माझ्याकडे. कोणाचं आधार, कोणाचा सातबारा, कोणाचं रेशन कार्ड, कोणाच्या पासबुकाचं पहिलं पान, कोणाच्या पोराची टीसी. माणसं परभणीला एखाद्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून मला फोन लावत आणि म्हणत, बाई, तेवढं माझं आधार टाका की. मी टाकत असे. मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, "तुजा फोन म्हंजी आमचं लोखंडी कपाट हाय."

आता तेच कपाट परक्याच्या नजरेनं उघडून बघायला बसले, तर मलाच माझा संशय यायला लागला. एका बाईच्या फोनमध्ये अर्ध्या गावाची ओळखपत्रं कशाला? पुतण्या शेतातून कपाशीच्या औषधाच्या बाटल्यांचे फोटो पाठवायचा, त्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायला. प्रत्येक बाटलीवर कवटीचं चित्र. खाली त्याचा मेसेज: काकू, सकाळी मारलं, संध्याकाळपर्यंत सगळे मेले. अळ्यांबद्दल होता तो, पण अळ्यांचा फोटो चार दिवस आधीचा. हे मशीनमधून इंग्रजीत करून कोणी वाचलं तर? त्याखालोखाल भावकीतल्या लग्नांचे फोटो, एकेका नवरदेवाच्या हातात कट्यार. मी बिछान्यावर बसून एकेक फोटो बघत गेले आणि प्रत्येकावर मनातल्या मनात इंग्रजीत खुलासा देत गेले. इन अवर कम्युनिटी द ब्राइडग्रूम कॅरीज अ डॅगर. हे ऐकून कोण मला सोडेल?

घरचं झालं थोडं म्हणून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांच्या साडूच्या व्याह्यांना म्हणे फोनमधल्या एका फॉरवर्डपायी विमानतळावरून परत धाडलं. कुठल्या देशातून? ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुठला फॉरवर्ड? तेही नाही. मी म्हणाले, मग तुम्हाला ठाऊक आहे तरी काय? ते अजिबात न रागावता म्हणाले, फोनमध्ये बारकं मेमरी कार्ड असतं ना, ते लोक तेसुद्धा काढून बघतात. चहा पिऊन ते गेले. माझी झोप गेली ती त्यांच्या या वाक्यानं.

कारण आधार आणि सातबारे गेले असते तरी मला त्याचं काही वाटणार नव्हतं. ज्याचे त्याला परत पाठवले की झालं, आणि तसे मी पाठवलेही. फोनमध्ये एकच गोष्ट अशी होती की जी गेली तर पुन्हा मिळणार नव्हती. यांच्या दहाव्याचा व्हिडिओ.

हे गेले तेव्हा लेकीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. तिला यांच्या आजाराचंही आम्ही उशिराच सांगितलं होतं. परगावच्या लेकीला घरातलं दुखणं आधी सांगायचं नाही, साधा ताप आहे म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच आहे, आणि अवघडलेल्या लेकीला तर नाहीच. यांना परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी तिला, बाबा पेडगावला शेतात गेलेत, तिथे रेंज नाही, असं सांगत होते. मग एकदम ती बातमी. तेव्हापासून माझ्या तोंडच्या कुठल्याही बऱ्या बातमीवर तिचा विश्वास राहिला नाही. मी तिला दोष देत नाही.

दहावं गंगाखेडला गोदाकाठी केलं. लेकीला घरबसल्या दिसावं म्हणून पुतण्याच्या बायकोनं माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून धरला होता. पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी घरचे एकेक जण पुढे होतात आणि गेलेल्याला मोठ्यानं वचन देतात, कारण कावळा थांबला म्हणजे त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली. पुतण्यानं सांगितलं, काका, शेत पडीक ठेवणार न्हाई. कावळे हलले नाहीत. दीर काही बोलले, तरी नाही. उन्हं चढली. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. खरा कावळा शिवत नसेल तर दर्भाचा करून शिववतात. नेमका त्याच वेळी कॉल तुटला. लेकीनं शेवटचं बघितलं ते गुरुजींच्या हातातला दर्भ.

कॉल तुटला म्हणून पुतणसुनेनं तिथूनच रेकॉर्डिंग चालू केलं. इकडे मोठ्या जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "त्यान्ला तुजीच फिकीर लागलीय बाई. तू कामून गप हायस? बोल की."

यांना काय हवं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. रिटायर झाल्यापासून यांचं एकच पालुपद, आपण लेकीकडे जाऊन राहू. मी दाद देत नव्हते. मला इथलं सगळं सोडून परक्या देशात कोणाच्या तरी गाडीची वाट बघत बसायचं नव्हतं. पण त्या उन्हात, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे असताना मी चिडले, आणि चिडूनच म्हणाले, "बरं बाबा, जाते लेकीकडं. एकटी राहात न्हाई. आता तरी या."

आणि आला. बाभळीवरून सरळ उतरला, पिंडावर चोच मारली.

मी विज्ञान शिकवलेली बाई. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मला कळतं. कावळ्याला भूक लागली असेल, नाहीतर आम्ही सगळे मागे सरकलो असू. तरी त्या दिवशी मी वाळूत बसून ढसाढसा रडले, आणि त्याच आठवड्यात लेकीला सांगितलं, की मी येते.

तिला कावळ्याचंही सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आई, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस गं. मी दर्भ बघितलाय." बाबा आपल्यावर रुसून गेले, आपण आलो नाही म्हणून त्यांचा जीव अडकला, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. मी म्हणाले, व्हिडिओ पाठवते. तर म्हणाली, नको, एकटीनं बघायचा धीर नाही. तू आलीस की शेजारी शेजारी बसून बघू. म्हणजे माझ्या शब्दाचा साक्षीदार तो एकच. आणि आता कस्टमवाले फोन ठेवून घेतील, कार्ड काढून घेतील, आणि मुंडण केलेल्या पुरुषांचा नदीकाठचा तो घोळका बघून काय समजतील कोण जाणे.

पुतणसून हुशार. एका दुपारी येऊन तिनं तो व्हिडिओ बारक्या मेमरी कार्डावर घेतला आणि बाकी फोन पुसून दुकानातून आणल्यासारखा कोरा केला. कॉपी माझ्याकडं ठेवू का, असं तिनं विचारलं होतं. मीच नको म्हणाले. आज तिच्याकडे असता, उद्या भावकीच्या ग्रुपवर आणि परवा कोणाच्या तरी स्टेटसला गाणं लावून दिसला असता. बॅकअप म्हणाल तर, जागा संपली, बॅकअप होत नाही, असं फोन रोज सांगायचा आणि मी रोज ती सूचना बोटानं ढकलून द्यायची. तेव्हा जे काही होतं ते त्या नखाएवढ्या कार्डात.

आता ते ठेवायचं कुठे? पर्समध्ये ठेवलं तर पर्स उघडतील. ब्लाऊजमध्ये ठेवलं तर यंत्रातून जावं लागतं. मोठ्या जाऊबाई माझी बांधाबांध बघायला पेडगावहून आल्या होत्या. त्यांना यात कोडं वाटावं असं काहीच दिसेना.

"दान्यात ठिव," त्या म्हणाल्या. "कपाट समदे उचकतेत. दान्यात कोन हात घालतंय?"

हे आमच्या सासूबाईंचं ब्रीद होतं. रझाकाराच्या काळात त्यांच्या आईनं पुतळ्यांची माळ ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती. घरातलं भांडंकुंडं गेलं, पण माळ राहिली. सासूबाईंचं स्वतःचं सोनंही जन्मभर गव्हाच्या कोठीत. मलाही लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्यांनी हेच शिकवलं. त्यामुळे जाऊबाईंचं बोलणं मला इतकं बरोबर वाटलं, की आपण इतके दिवस उगाच डोकं शिणवलं असं वाटून मी निश्वास टाकला. लेकीची ओटी भरायला शेतातल्या गव्हाचा एक स्टीलचा डबा मी घेतलाच होता. यांनी पेरलेल्या शेवटच्या रब्बीचे गहू. कार्ड लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधलं, डब्याच्या तळाशी ठेवलं, वरून गहू ओतले, झाकण लावलं. जाऊबाईंनी डब्याला हात लावून नमस्कार केला.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. पाय सुजले आणि जेवण बेचव होतं. विमानात एक फॉर्म भरायला दिला. त्यात विचारलं होतं, खाण्याच्या वस्तू आहेत का? मी हो वर खूण केली. पापड, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, हे काय लपवायचं? शिक्षिका कागदावर खोटं लिहीत नाही. खोटं बोलायचं ते तोंडी, आणि तेही लेकीच्या भल्यासाठी.

उतरल्यावर माझ्या हातात कोरा फोन तयार होता. पासवर्ड मी मनात घोकत होते. फोन कोणी मागितलाच नाही. खाण्यावर खूण केली म्हणून मला एका लांब टेबलाकडे वळवलं. तिथे लाल दाढीचा एक साहेब हातमोजे घालून बसला होता. माणूस भला होता. पापड त्यानं उजेडात धरून बघितले आणि ठेवले. चटणी हुंगली, त्याला ठसका लागला, तीही ठेवली. मग गव्हाचा डबा उघडला, आत बघितलं आणि मान हलवली. अख्खं धान्य या देशात येत नाही, तो म्हणाला. पेरलं तर उगवतं, त्यात कीड असू शकते. तुम्ही आधीच सांगितलंत म्हणून दंड नाही, पण हे टाकावं लागेल. मग मला आठवलं, जावयाच्या निबंधात फोनच्या खाली खाण्यापिण्याचा परिच्छेद होता, आणि त्यात धान्य हा शब्दही होता.

शेजारी पिवळं झाकण असलेलं कचऱ्याचं मोठं पिंप होतं. त्यानं ते झाकण पायानं उघडलं.

मला त्या वेळी काय काय वाटलं ते सगळं आठवतं. गप्प राहिले तर गहू जातील, मी बाहेर जाईन, लेक भेटेल, आणि कोणाला काही कळणार नाही. बोलले तर मी धान्याच्या तळाशी कार्ड लपवून आणणारी बाई. जावयानं ज्या ज्या गोष्टींचा इशारा दिला होता त्या सगळ्यांहून वाईट काम मी स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी तर कार्ड दाखवायला घाबरून ते भांड्यातच लपवलं होतं. परत धाडतील, ही भीती होतीच. पण ते गहू खाली ओतण्यासाठी त्यानं डबा तिरका केला आणि माझा हातच पुढे गेला. मी सरळ डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

तो ओरडला. त्याचं काही चुकलं नाही. मी पुरचुंडी मुठीत घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, व्हीट यू टेक. धिस इज माय हजबंड."

आता सांगताना हसू येतं. तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं असेल, राख आहे.

मग जे व्हायचं ते झालं. गव्हाचा साहेब वेगळा, कार्डाचा वेगळा. कार्डाचा साहेब वयानं मोठा, टक्कल पडलेला, मला एका खोलीत घेऊन गेला. हे कशासाठी लपवलं, त्यानं विचारलं. मी म्हणाले, तुम्ही काढून घ्याल म्हणून. हे त्याला बहुतेक कोणी इतकं सरळ सांगितलं नसावं. त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. त्यात एकच फाइल. त्यानं पडदा माझ्याकडेही वळवला.

लेकीबरोबर बघायचं म्हणून मी स्वतःही तो अजून बघितला नव्हता. पहिल्यांदा बघितला तो तिथे, एका परक्या माणसाबरोबर. आधी वाळू, कोणाचे तरी पाय, मग गुरुजींचा हात. बराच वेळ काही घडत नव्हतं. साहेबानं विचारलं, ही माणसं कशाची वाट बघताहेत? मी म्हणाले, कावळ्याची. त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि फाइल पुढे सरकवायला हात नेला.

"पुढे ढकलू नका," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, आणि तेही मराठीत. तो थांबला. मग मी इंग्रजीत सांगितलं, की माणूस समाधानानं गेला असेल तर कावळा खातो, नाहीतर येत नाही, आणि माझ्या मुलीला वाटतं की तो आला नाही.

तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पडद्यावर जाऊबाईंचा आवाज आला. मग माझा. किती चिडका आवाज आहे माझा, हे मला तेव्हा कळलं. आणि कावळा उतरला, चोच मारली, भात उचलला. बायका रडल्या. फोन हलला आणि संपलं.

साहेबानं विचारलं, तो यायच्या आधी तुम्ही काय बोललात?

मी सांगितलं, "इथे येते म्हणाले."

त्यानं माझा पासपोर्ट उघडून उगाच पुन्हा एकदा बघितला. कार्ड काढून त्या लाल कापडात माझ्यासारखंच गुंडाळायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तसंच माझ्या हातात दिलं. पुढच्या वेळी असं पर्समध्ये ठेवत जा, एवढंच म्हणाला. गहू गेले. रिकामा डबा लाल दाढीवाल्यानं पुसून परत दिला.

बाहेर लेक बाळाला छातीशी बांधून उभी होती, तिचा चेहरा वाट बघून उतरलेला. जावई मागे ट्रॉली धरून. इतका वेळ का लागला, फोन घेतला का, काही विचारलं का, तिनं एका दमात विचारलं. आधी ओटी. तिला पदर नव्हता. मी तिच्या जॅकेटची दोन टोकं तिच्याच हातात धरायला लावली आणि त्यात ती पुरचुंडी टाकली.

ती कापड उलगडून बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आई, खरं सांग. आला होता?"

"माझ्यावर विश्वास नसेल," मी म्हणाले, "तर आत जा आणि त्या साहेबाला विचारून ये. त्यानंही बघितलाय."